नारा नगरीच्या टेकडीवर उच्चारले जाणारे एक भारतीय नाव



जपानला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या कार्यक्रमपत्रिकेत नारा नगरीला सामान्यतः अर्धा दिवस मिळतो. सकाळी क्योटोहून निघायचे, उद्यानातील हरणांना बिस्किटे चारायची, तोदाई-जी मंदिरातील महाबुद्धासमोर छायाचित्र काढायचे आणि दुपारच्या गाडीने परतायचे. महाबुद्धाचे दर्शन घेतल्यावर बहुतेक पावले परत फिरतात. मंदिराच्या मागच्या बाजूने पूर्वेकडे एक शांत वाट चढत जाते, तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही. आजच्या विवेचनाचा विषय आहे ती वाट, ती जिथे संपते ते टेकडीवरचे देवालय आणि त्या देवालयात दरवर्षी मोठ्याने उच्चारले जाणारे एका भारतीयाचे नाव.

वाट रुंद नाही. दोन्ही बाजूंना मातीच्या जुन्या भिंती, त्यांवर कौलांची झालर, मधूनमधून दगडी दीपस्तंभ. शेवटी पायऱ्यांची एक चढण येते आणि वर डोंगरउताराला बिलगून, उंच लाकडी खांबांवर पेललेले देवालय दिसते. त्याचे नाव निगात्सु-दो. ‘निगात्सु’ म्हणजे दुसरा महिना आणि ‘दो’ म्हणजे मंडप किंवा देऊळ. जुन्या चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात इथे एक व्रत चालत असे, त्यावरून हे नाव पडले. पंचांग बदलल्यापासून ते व्रत १ ते १४ मार्च या काळात होते.

देवालयाचे तोंड पश्चिमेला आहे. तीन बाजूंनी फिरणाऱ्या त्याच्या सज्जात उभे राहिले की समोर महाबुद्ध मंदिराचे प्रचंड छप्पर आणि त्यावरची दोन सोनेरी शिखरटोके दिसतात. त्यापलीकडे नारा शहर पसरलेले असते आणि क्षितिजावर इकोमाचा डोंगर. सज्जा रात्रंदिवस उघडा असतो आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. सूर्यास्ताच्या सुमारास नारातील म्हातारी माणसे कुत्र्याला फिरवता फिरवता इथवर चढून येतात, हात जोडतात, थोडा वेळ पश्चिमेकडे पाहत उभी राहतात आणि उतरून घरी जातात. जिवंत देवस्थानाची याहून चांगली खूण दुसरी कोणती असणार?

या सज्जातून दिसणारे नगर इ.स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होते. मधली पाच वर्षे सम्राट शोमूने राजधानी इतरत्र हलवून पाहिली, ती अस्वस्थतेपोटी. अस्वस्थतेला कारणही तसेच होते. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने देश पोखरला. लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा मृत्युमुखी पडला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. राज्यकारभार हाती असलेले फुजिवारा घराण्यातील चारही बंधू ७३७ या एकाच वर्षात गेले. अशा वेळी ७४३ मध्ये शोमूने वैरोचन बुद्धाची महामूर्ती घडविण्याचा संकल्प सोडला. धन आणि सत्ता आपल्या हाती असल्याने मूर्ती उभारणे सोपे आहे, पण त्यात लोकांचे मन नसेल तर ती व्यर्थ होय, अशा आशयाचे त्याचे आज्ञापत्र आहे. गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही या कामात सामावून घ्यावे, असे त्याने बजावले होते.

मूर्ती घडली. तिची उंची सुमारे १५ मीटर आणि तिला सुमारे ५०० टन तांबे लागले. या खर्चाने राज्याची तिजोरी खिळखिळी झाली आणि शेतकऱ्यांवरचा बोजा वाढला, हेही इथे सांगितलेच पाहिजे. पुण्यकार्याचा हिशेब मांडताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

इ.स. ७५२ मध्ये मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा ठरला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे उघडतात, तोच हा विधी. जपानच्या जुन्या इतिहासग्रंथानुसार बौद्ध धर्म तिथे पोहोचला ५५२ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षे पूर्ण होत होती. डोळे स्वतः सम्राटाने रेखायचे होते. परंतु शोमूची प्रकृती साथ देईना. राज्य मुलीकडे सोपवून तो निवृत्त झालेला होता. तेव्हा हा मान देण्यात आला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला.

कोण होता हा बोधिसेन? जन्म इ.स. ७०४, दक्षिण भारतात, ब्राह्मण कुळात. गोत्र भारद्वाज असावे, असे विद्वान मानतात. गावाचे नाव निश्चितपणे हाती लागत नाही. मंजुश्री बोधिसत्त्वाचा वास चीनमधल्या वुताई पर्वतावर आहे अशी त्या काळी श्रद्धा होती. त्या दर्शनाच्या ओढीने तो चीनला गेला. तिथे जपानी राजदूताने त्याला आपल्या देशी येण्याचे निमंत्रण दिले आणि ७३६ मध्ये तो जपानच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा, बुत्तेत्सु नावाचा भिक्षू होता आणि दोसेन नावाचा एक चिनी भिक्षूही. चंपाच्या त्या भिक्षूने शिकवलेले नृत्यसंगीत पुढे जपानी दरबारी कलेत मिसळून गेले. त्यातले कार्योबिन नावाचे पंख लावून करायचे नृत्य आजही होते. हा कार्योबिन म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला कलविंक पक्षी.

बोधिसेन चोवीस वर्षे नारात राहिला. दाईआन-जी मठात त्याचे वास्तव्य होते आणि अवतंसक सूत्राच्या पठणासाठी त्याची ख्याती होती. ७५१ मध्ये त्याला ‘सोजो’ हे भिक्षुसंघातले सर्वोच्च पद मिळाले. लोक त्याला ‘बारामोन सोजो’ म्हणत. बारामोन म्हणजे ब्राह्मण. नेत्रोन्मीलनाच्या दिवशी त्याच्या हातातल्या मोठ्या कुंचल्याला निळ्या रेशमाची सुमारे २०० मीटर लांबीची दोरी बांधली होती. ती दोरी खाली जमलेल्या मंडळींच्या हातात दिलेली होती. डोळे रेखणारा हात एकाचा, पण पुण्य दोरी धरणाऱ्या प्रत्येकाचे, अशी ती योजना. सोहळ्याला दहा हजार भिक्षू पाचारण केल्याची नोंद जपानच्या राजकीय इतिहासग्रंथात आहे. तो कुंचला आणि ती दोरी शोसो-इन या लाकडी कोठाराच्या संग्रहात आजही जपलेली आहेत. हे कोठार महाबुद्ध मंदिराच्या पिछाडीस आहे.

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. जपानी वर्णमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा जातो, तो संस्कृतच्या अभ्यासातून आलेला आहे, यात शंका नाही. मात्र या क्रमाचे श्रेय थेट बोधिसेनाला देण्याची प्रथा आपल्याकडच्या लिखाणात पडली आहे. त्याला आधार नाही. त्या क्रमाची सर्वांत जुनी नोंद बोधिसेनाच्या सुमारे अडीचशे वर्षांनंतरची आहे. जे त्याने निःसंशय केले तेच इतके मोठे आहे की त्यात आपल्या पदरची भर घालण्याची गरज नाही.

आता पुन्हा टेकडीवर जाऊ. ज्या ७५२ साली महाबुद्धाचे डोळे उघडले, त्याच वर्षी जित्चू नावाच्या भिक्षूने निगात्सु-दोचे व्रत सुरू केले. त्याचे नाव शुनी-ए. अकरा भिक्षूंनी सर्व समाजाच्या वतीने वर्षभरातल्या पापांची कबुली द्यायची, क्षमा मागायची आणि राज्याला शांती व शेताला पीक मागायचे, असा त्याचा गाभा. अकरा जणांची निवड आदल्या वर्षी १६ डिसेंबरला जाहीर होते. फेब्रुवारीच्या अखेरीस ते वेगळ्या चुलीचे अन्न घेऊ लागतात. कागदाची वस्त्रे शिवतात, देवापुढे ठेवण्यासाठी कागदाची तांबडी-पांढरी कामेलियाची फुले करतात. व्रताच्या काळात जेवण दिवसातून एकदाच, दुपारी. त्यानंतर रात्रीची सेवा आटोपेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. दिवसाच्या सहा सेवा, त्यातल्या काही पहाटेपर्यंत चालणाऱ्या. क्षमायाचनेत भिक्षू आपला गुडघा लाकडी फळीवर आपटतो, तो आवाज मंडपाबाहेरही ऐकू येतो.

ही आराधना ज्याच्यापुढे होते तो आहे एकादशमुख अवलोकितेश्वर, जपानीत ‘जुइचिमेन कान्नोन’. त्याच्या दोन मूर्ती आत आहेत, एक मोठी आणि एक लहान, आणि त्या कुणालाही पाहता येत नाहीत. व्रत करणारे भिक्षूदेखील न पाहिलेल्या मूर्तीसमोरच नतमस्तक होतात. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी यात एक मौज आहे. अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराचे भारतातले पाषाणशिल्प फार दुर्मीळ. त्याचा ठळक नमुना आहे मुंबईत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या ४१व्या लेण्यात. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले हे शिल्प. मुख्य मस्तकावर लहान मस्तकांच्या तीन ओळी रचलेल्या आणि चार हात. नारात ज्याला भक्तांच्या नजरेपासून बाराशे वर्षे झाकून ठेवले आहे, तो कान्हेरीच्या डोंगरात उन्हापावसाच्या सोबतीने उघड्यावर उभा आहे. रविवारी सहलीला गेलेली मुले त्याच्यासमोरून धावत पुढे जातात.

हे व्रत ७५२ पासून एकदाही चुकलेले नाही. ११८० साली ताइरा घराण्याच्या सैन्याने नारा पेटवले, महाबुद्धाचे मंदिर भस्मसात झाले आणि मूर्ती वितळली. पुढच्या वर्षी व्रत थांबवावे असे मठाने ठरवले, तेव्हा काही भिक्षूंनी स्वतःच्या जबाबदारीवर ते पार पाडले. ११८५ मध्ये दुरुस्त मूर्तीचे डोळे पुन्हा उघडायचे होते. ते काम निवृत्त सम्राट गो-शिराकावाने केले आणि त्यासाठी कोठारातून बोधिसेनाचा तोच कुंचला काढला. १६६७ मध्ये तर व्रत चालू असतानाच निगात्सु-दो जळाले. आजची वास्तू १६६९ ची आहे. ती उभी राहीपर्यंत शेजारच्या सांगात्सु-दो मंडपात व्रत होत राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते चालू राहिले आणि २०२१ च्या महामारीतही. तेव्हा भिक्षूंनी आधीपासून विलगीकरण पाळले आणि बाहेरच्या गर्दीवर निर्बंध घातले. इमारती जळाल्या, व्रत राहिले.

त्यामागे कुणा एकाचा पराक्रम नाही. वाटून घेतलेली कामे आहेत. मशालींचा वेळू यामाशिरो भागातून येतो. इगा प्रांतातल्या एका वस्तीचे लोक गेली सातशेहून अधिक वर्षे दर मार्चमध्ये हिनोकी लाकडाच्या मशाली पोहोचवतात. समुद्रकाठच्या वाकासा प्रांतात २ मार्चला नदीत पवित्र जल सोडतात आणि १२ तारखेच्या उत्तररात्री निगात्सु-दोच्या पायथ्याच्या विहिरीतून ते उपसून देवाला वाहतात. कथा अशी : व्रताच्या आरंभी जित्चूने देशभरच्या देवतांना नावे घेऊन बोलावले. वाकासाचा ओन्यू देव मासेमारीत गुंतल्याने उशिरा पोहोचला. ओशाळून त्याने पाणी अर्पण करण्याचे वचन दिले, तेव्हा खडक फुटून एक काळा आणि एक पांढरा पाणकावळा बाहेर उडाला आणि मागोमाग झरा वाहू लागला. आजही व्रताच्या प्रत्येक रात्री पाचशेहून अधिक जपानी देवतांची नावे आदराने वाचली जातात. परदेशातून आलेल्या धर्माच्या अनुष्ठानात मातीतल्या देवांना पहिले निमंत्रण. १८६८ मध्ये नव्या राजवटीने देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे कायद्याने अलग केली. त्या लाटेत नारातल्याच कोफुकु-जी मठाची वाताहत झाली. पण निगात्सु-दोतील ही नामावली कुणी गाळली नाही. मंडपापासून हाकेच्या अंतरावर तामुकेयामा हाचिमानचे देवस्थान आजही आहे.

शुनी-ए म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतात त्या मशाली. सहा-सात मीटर लांबीच्या वेळूच्या टोकाला पेटलेला गोळा घेऊन सेवक सज्जातून धावतात आणि ठिणग्यांचा पाऊस खाली पडतो. त्या अंगावर घेणे शुभ मानतात, विझलेले कोळसे लोक घरी नेतात. हजारो माणसे हे पाहायला जमतात. पण ती मशाल खरे तर केवळ दिवा आहे, पायऱ्या चढणाऱ्या भिक्षूला वाट दाखवणारा. अकरा भिक्षूंपैकी एक आधीच आत असतो, म्हणून एरवी दहा मशाली आणि १२ मार्चला अकरा. पाऊण तासात ठिणग्या विझतात, छायाचित्रे निघालेली असतात, गर्दी पांगते. आतले काम तेव्हा सुरू होते.

५ आणि १२ मार्चच्या रात्री त्या कामात एक वेगळे वाचन असते. त्याला ‘काकोचो’ म्हणतात, दिवंगतांची वही. पहिले नाव सम्राट शोमूचे. पुढे राजघराण्यातली नावे, भिक्षू ग्योकी, तोदाई-जीचा संस्थापक रोबेन, जित्चू. त्यांच्या पाठोपाठ येते महाबुद्धाचे नेत्र उघडणाऱ्या भारतीय बोधिसेनाचे नाव. मग शिल्पी कुनि नो किमिमारो. त्याचे आजोबा कोरियातले राज्य बुडाल्यावर जपानच्या आश्रयाला आलेले. मग ओतकाम करणारे आणि सुतार. त्यानंतर नावे संपतात आणि आकडे येतात. लाकूड देणारे ५१,५९०. लाकडाच्या कामावर राबलेले १६,६५,०७१. धातू देणारे ३,७२,०७५. धातूच्या कामावर राबलेले ५,१४,९०२. त्या काळच्या जपानची लोकसंख्या पाहता एकच माणूस अनेक वेळा मोजला गेला असणार. पण ज्यांची नावे लिहायला कुणाला सवड झाली नाही, त्यांची निदान संख्या तरी ओठांवर यावी, ही दृष्टी पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे तर्पणात ज्ञात पितरांबरोबर अज्ञातांनाही पाणी देतात, त्याची आठवण व्हावी.

बोधिसेनाचे नाव भारतात किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या जन्मगावी, ते जिथे असेल तिथे, त्याच्या नावाने दिवा लागत नाही. एखाद्या वहीत त्याची नोंद असेलच, तर ती वाचणारा कुणी उरलेला नाही. तो ७६० मध्ये वारला, पश्चिमेकडे तोंड करून, असे त्याच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. त्याचे स्मारक रयोसेन-जी मंदिरात दाखवतात. ते मंदिर निगात्सु-दोच्या सज्जातून जिकडे सूर्य मावळतो त्याच दिशेच्या टेकड्यांत आहे. रयोसेन म्हणजे गृध्रकूट. राजगृहाजवळचा, बुद्धाच्या उपदेशाने पावन झालेला तो डोंगर या माणसाला तिथल्या टेकडीत दिसला, अशी आख्यायिका आहे.

वहीबद्दलची एक हकिकत नारात सर्वांना माहीत असते. तेराव्या शतकाच्या आरंभी शूकेई नावाचा भिक्षू ही वही वाचत होता. अचानक समोर निळ्या वस्त्रातली एक स्त्री उभी राहिली आणि माझे नाव का वाचले नाही, असे तिने विचारले. मंडपाच्या गाभ्यात स्त्रियांना प्रवेश नाही. त्या बाहेरच्या दालनात बसून जाळीतून ऐकतात. ती कोण, कुठली, कशी आत आली, काहीच ठाऊक नव्हते. शूकेईने क्षणभर थांबून, आवाज खाली आणून, ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ एवढेच म्हटले. ती दिसेनाशी झाली. तेव्हापासून शोगुन योरितोमोचे नाव आणि त्यापुढची काही नावे वाचून झाली की दरवर्षी वाचकाचा स्वर खाली येतो आणि तिचा उल्लेख होतो. ती कोण होती याचा शोध आजवर लागलेला नाही आणि तिला वगळावे असेही कुणाला वाटलेले नाही.

मार्चमध्ये जपानला जाण्याचा योग असेल त्यांनी शक्यतो १२ ऐवजी ५ तारीख निवडावी, त्या दिवशी गर्दी पुष्कळ कमी असते. मशाली संपल्यावर लगेच उतरू नये. अंगावर जाड लोकरीचे कपडे असावेत, कारण नाराची मार्चमधली रात्र बोचरी असते आणि लाकडी जमिनीतून गारठा वर येतो. बाहेरच्या दालनात जागा मिळाली तर शांत बसावे. आत फक्त दिव्यांचा उजेड असतो. पडद्यावर भिक्षूंच्या सावल्या हलतात. लाकडी खडावांचा आवाज येतो. वाचन जुन्या सुरावटीतल्या जपानीत असते आणि जपानी माणसालाही ते सगळे कळत नाही. परंतु आरंभीच्या नावांतच कान देऊन बसले तर एक शब्द ओळखता येतो, ‘तेन्जिकु’. जुन्या जपानीत हे भारताचे नाव. त्याला लागूनच ‘बोदाई’ ऐकू येते, म्हणजे बोधि, आणि वाचक पुढच्या नावाकडे वळलेला असतो.